२६ दिवसांची हजेरी

पगारपत्रकावर सही माझी होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना मी फार शूर वाटेन.

आमच्या संस्थेतलं साफसफाईचं काम ठेकेदाराकडे होतं. महिनाअखेरीला त्याचा माणूस पगारपत्रक घेऊन यायचा. १४ बायकांची नावं, प्रत्येकीपुढे २६ दिवस, पूर्ण पगार, शेजारी सही नाहीतर अंगठा. मी हजेरीबुकाशी ताळा करायचे, 'तपासले'चा शिक्का मारून सही करायचे आणि बिल पुढे सरकायचं. अशी ४ वर्षं गेली. मग एक दिवस त्यांच्यातल्या एक मावशी कर्जाचा फॉर्म घेऊन आल्या. पगाराचा दाखला हवा होता. पत्रकातला आकडा पाहून मी तो लिहिला आणि वाचून दाखवला. मावशींना हसूच आलं. म्हणाल्या, "बाई, एवढा मिळत असता तर कर्ज कशाला काढलं असतं?"

त्यांच्या हातात २० दिवसांचे पैसे पडत होते. सगळ्याजणींच्याच. अंगठे आधी कोऱ्या पत्रकावर घ्यायचे आणि आकडे मागाहून भरायचे.

आमची संस्था ख्रिस्ती. दिवसाची सुरुवात बायबलच्या वचनाने आणि प्रार्थनेने. संचालक सर माझ्याच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे, उपासनेला पहिल्या बाकावर बसणारे, गळा उत्तम. मी काय केलं असेल? प्रार्थना केली. "प्रभू, सरांना सद्बुद्धी दे. त्या बायकांचा सांभाळ कर. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." तीन आठवडे रोज रात्री हेच. आज ते शब्द आठवले की माझंच मला हसू येतं. देवासमोरसुद्धा मी दफ्तरी भाषेतच बोलत होते. विनंती अर्ज, खाली आपली विश्वासू. त्यात कुणाचं नाव नव्हतं, आकडा नव्हता, आणि माझ्या सहीचा तर उल्लेखच नव्हता. प्रार्थना झाली की मला गाढ झोप लागायची. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

बायबलमधलं दहावं स्तोत्र माझ्या रोजच्या वाचनात आपसूक आलं, मी शोधायला गेले नव्हते. त्याची सुरुवातच देवाला जाब विचारण्याने होते: तू दूर का उभा आहेस, संकटाच्या वेळी का लपतोस? पुढे दुष्टाचं वर्णन आहे. तो गावाजवळ दबा धरून बसतो, गरिबाला जाळ्यात ओढतो आणि मनात म्हणतो, देव विसरलाय, त्याने तोंड झाकून घेतलंय, त्याला काही दिसत नाही. लहानपणापासून कितीतरी वेळा वाचलं असेन. पण देवाशी असं बोलायची परवानगी मलाही आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस मी फक्त असलीच स्तोत्रं वाचली. १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्याची आणि विलापाची स्तोत्रं स्तुतीच्या स्तोत्रांपेक्षाही जास्त भरतात, असं जाणकार सांगतात. आमच्या उपासनेत ती क्वचितच ऐकू येतात. तेराव्या स्तोत्रात "कोठवर?" हा प्रश्न चारदा विचारलेला आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. बहुतेक स्तोत्रांत शेवटाकडे भरवशाची एक ओळ तरी येतेच, पण ज्याने अठ्ठ्याऐंशीवं रचलं त्याला ती त्या दिवशी सुचली नाही, आणि ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ती उगाच जोडलीही नाही. या प्रामाणिकपणाचा मला फार आधार वाटला. मी दार लावून मोठ्याने वाचायला लागले. मनात वाचलं की राग शहाण्यासारखा वागतो. मोठ्याने वाचलं की आवाज चढतो, आणि आपण किती चिडलोय ते आपल्याच कानांना कळतं.

एकशे नववं स्तोत्र मात्र जपून सांगायला हवं. ती शापवाणी आहे. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचं काम दुसरा घेवो, त्याची मुलं भीक मागत फिरोत. ते मी एका रात्री सरांचं नाव घेऊन वाचलं. लपवत नाही, बरं वाटलं. दुसऱ्या रात्रीही वाचलं. तिसऱ्या रात्री 'त्याचं काम दुसरा घेवो' या आठव्या ओळीपाशी अडखळले. प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र ही ओळ येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल वापरतो. म्हणजे आतल्या माणसाबद्दल. एकाच ताटात जेवलेल्या, पैशांची थैली सांभाळणाऱ्या माणसाबद्दल. आमच्याकडे थैलीचा हिशेब कोण तपासत होतं? शिक्का कोणाकडे होता?

त्या रात्री मी सरांसाठी काहीच मागितलं नाही, बरं नाही आणि वाईटही नाही. ४ वर्षांचे महिने मोजले. ४८. तेवढ्या सह्या. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानांपर्यंत जातात. मजुरांच्या आधी तिथे मजुरीच ओरडते, हे मला तोवर दिसलं नव्हतं. मजुरांची तोंडं बंद केली तरी पैसा ओरडत राहतो. नियमशास्त्राने तर याला वेळेची मर्यादाच घालून दिली आहे. मजुराचा रोज रात्रभर तुझ्याजवळ राहू नये, असं लेवीय या पुस्तकात आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात आहे की सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. आमच्याकडे ४८ महिने सूर्य मावळत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मावशींना एका बाजूला घेतलं. म्हटलं, "मावशी, तुमच्या पत्रकावर सही मी करते. पैसे कमी मिळतात हे मला माहीत नव्हतं. माझं चुकलं." मला वाटलं होतं, त्या चिडतील नाहीतर माझा हात हातात घेतील. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तर कुणी तुमच्याकडे आलं नाही."

हे वाक्य गिळायला मला बरेच दिवस लागले.

मी म्हटलं, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे. त्या म्हणाल्या, "करा की. पण आधी तो कागद आम्हाला दाखवा."

पुढचं काम रटाळ होतं, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येकीने एक वही केली. कामाला आल्याची वेळ, गेल्याची वेळ, हातात आलेली रक्कम, देणाऱ्याचं नाव. जिला लिहिता येत नव्हतं तिच्यासाठी दुसरी लिहायची. सगळ्या वह्या भरायला चार महिने गेले. मला घाई झाली होती. राग ताजा असताना तक्रार ठोकून द्यावी असं वाटायचं. तेव्हा बायबलमधला नहेम्या कामाला आला, पारसच्या राजाच्या चाकरीतला यहूदी. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजासमोर तो तोंड उघडतो नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. मधले दिवस उपास आणि प्रार्थना. पण राजा विचारतो, "तुला काय हवं?" तेव्हा हा गडी मनातल्या मनात एक प्रार्थना करून धडाधड यादीच सांगतो: अमुक मुदतीची रजा, अमुक अधिकाऱ्यांना पत्रं, लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराला पत्र. लाकूड कशाकशाला लागेल तेसुद्धा. चार महिने गुडघ्यांवर होता, पण हिशेबही चालू होता. पाचव्या अध्यायात आपल्याच लोकांनी आपल्याच गरिबांना व्याजात बुडवल्याचं कळतं तेव्हा तो फार संतापतो, मग आपल्या मनाशी विचार करतो, आणि त्यानंतर सरदारांना भर सभेत उभं करतो. संताप, विचार, सभा. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मार्टिन ल्यूथर किंगनेही १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात असाच क्रम दिला आहे: आधी अन्याय खरोखर होतोय का याची माहिती गोळा करणं, मग बोलणी, मग आत्मशुद्धी, आणि त्यानंतर थेट कृती. पत्र ज्यांना लिहिलं ते आठही जण धर्मगुरू होते, आणि 'जरा थांबा' हा त्यांचा सल्ला होता. मी हे वाचताना आत्मशुद्धीपाशी रेंगाळले. तिथे प्रश्न असे होते की मार खाऊनही उलटा हात उचलणार नाही ना? तुरुंग सोसेल ना? माझे प्रश्न लहान होते. सरांनी अपमान केला तर गप्प न बसता आवाज खाली ठेवता येईल का? नोकरी गेली तर "माझ्यामुळेच सगळं झालं" असं त्या बायकांना ऐकवणार नाही ना? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला बराच काळ देता येईना.

वह्या भरल्यावर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे गेले. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही नाही ऐकलं तर मंडळीला कळव. पहिली भेट एकटीने घेतली. मी फाइल टेबलावर ठेवली आणि सर म्हणाले, "सुरू करण्याआधी प्रार्थना करू या."

डोळे मिटावेच लागले. त्यांनी फार सुरेख प्रार्थना केली. ऐक्यासाठी, संस्थेच्या साक्षीसाठी, "आमच्यात फूट पाडू पाहणाऱ्या शक्तींपासून" संरक्षणासाठी. ती शक्ती समोरच्या खुर्चीत बसली होती. प्रार्थना संपली आणि माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. जन्मात पहिल्यांदा. खोलीत जी शांतता पसरली ती अजून आठवते. मग मी पहिली वही उघडली आणि तारखा वाचायला लागले. सातवी तारीख वाचताना त्यांनी थांबवलं आणि ठेकेदाराशी बोलतो म्हणाले. बोलले नाहीत. माझं टेबल मात्र पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विभागात हललं.

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. मनाने चांगला माणूस, पण भांडणाला भिणारा. त्यांनी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं: विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर परक्यांपुढे फिर्यादी करू नयेत. मग पौलाचंच रोमकरांस पत्र, अध्याय तेरा, अधिकाऱ्यांच्या अधीन असा. आणि शेवटी क्षमा. मी विचारलं, "साहेब, पैसे माझे गेले असते तर मी क्षमा केली असती. मावशींच्या पैशांची क्षमा मी कशी करू?" ते बोलले नाहीत. मग विचारलं, अधिकाऱ्यांच्या अधीन असायचं तर मजुरीचा कायदाही अधिकाऱ्यांनीच केलेला आहे ना? त्यावर ते जरा हसले.

घरी येऊन मी पौलाचाच शब्द पौलापुढे ठेवायचा ठरवला. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, स्तोत्रं गात होते. भूकंप, उघडलेली दारं, तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा, हे आम्ही रविवारच्या शाळेत चित्रांसह शिकलो. त्याच्या पुढचं आम्हाला कुणी शिकवलं नाही. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात, त्या माणसांना सोडून द्या. पौल म्हणतो, नाही. आम्ही रोमी नागरिक असताना आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि त्यांना यावं लागतं. रात्री गाणं म्हणणारा आणि सकाळी कायद्यावर बोट ठेवणारा माणूस एकच आहे. पुढे हाच पौल कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे दाद मागतो. करिंथच्या मंडळीला कोर्टाबद्दल झापणारासुद्धा तोच, हे खरं. पण तिथे तो पुढे काय म्हणतो? तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना. ही ओळ पाळकसाहेबांनी वाचली नव्हती, आणि माझ्याही वेळेवर लक्षात आली नाही. हे असलं नेहमी घरी आल्यावर सुचतं.

भीतीबद्दल लिहायचं राहिलं. टेबल हलवल्यानंतर फोन यायला लागले. धमकी म्हणता येणार नाही, पण "मुलांचा विचार करा" असं कुणी तीनदा काळजीने सांगितलं की काळजीचा मुखवटा गळून पडतो. एका रात्री झोप येईना. किंगची ती रात्र आठवली, २७ जानेवारी १९५६. माँटगोमेरीचा वर्णभेदाविरुद्धचा बस बहिष्कार चालू होता. मध्यरात्रीच्या सुमारास धमकीचा फोन आला, तो स्वयंपाकघरात एकटाच बसला आणि मोठ्याने देवाला म्हणाला की माझं बळ संपलं. त्याला आतून धीराचा आवाज ऐकू आला, असं त्याने पुढे सांगितलं. तीनच दिवसांनी त्याच्या घरावर बाँब पडला. बहिष्कार ३८१ दिवस चालला. मीही उठून अंधारात बसले आणि बोलले. मला आवाज वगैरे काही आला नाही. बाहेर कुत्रं भुंकत होतं. पण "माझं बळ संपलं" हे उच्चारल्यावर ते कबूल झालं, आणि कबूल झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा मदत मागितली. दुसऱ्या भेटीला बरोबर कोण येणार, असं सहकाऱ्यांना विचारलं. दोघं आले. ज्यांच्याकडून अपेक्षा होती ते आले नाहीत, ते सोडा.

त्या भेटीच्या आधी आम्ही सगळ्या जमलो. १४ जणींत ख्रिस्ती तिघीच. प्रार्थनेने सुरुवात करावी म्हणून मी तोंड उघडलं आणि थबकले. माझ्या आमेनखाली या सगळ्यांना झाकायचं? सरांनी तरी वेगळं काय केलं होतं? म्हटलं, पाच मिनिटं गप्प बसू, जिचं तिचं जे असेल ते तिने म्हणावं. एकीने डोळे मिटले, एकीने हात जोडले, एक नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. तशा प्रार्थनेत मी याआधी कधी बसले नव्हते.

दुसरी भेट निष्फळ गेली. तिसरी पायरी म्हणून मंडळीच्या कमिटीला पत्र दिलं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. मग १४ जणींनी कामगार खात्याकडे लेखी तक्रार केली, सोबत वह्यांच्या नकला आणि माझा जबाब, ज्यात माझ्या ४८ सह्या मी मान्य केल्या होत्या. वकील म्हणाले, हे तुमच्यावर उलटू शकतं. म्हटलं, उलटू दे, ते खरं आहे.

पुढच्या तारखांचं काय सांगावं. साहेब रजेवर, फाइल वर गेली, पुढच्या महिन्यात या. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा त्या दिवसांत माझ्या फार जवळची झाली. देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा न्यायाधीश, आणि रोज दारात उभी राहून "माझा न्याय करा" म्हणणारी बाई. शेवटी तो म्हणतो, हिचा न्याय करून टाकतो, नाहीतर ही येऊन येऊन मला रंजीस आणेल. तिथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या तारखेच्या बाकावर बसून इतक्या हसल्या की शिपाई बाहेर डोकावला. त्यानंतर दर तारखेला निघताना त्या विचारायच्या, "चला, ठोसा द्यायला?" येशूने हा दाखला सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून सांगितला, असं लूक लिहितो. मी आजवर प्रवचनांत त्या बाईची चिकाटी ऐकली होती. तिचा हेलपाटा कुणी सांगितला नव्हता.

निकाल अर्धा लागला. पगार आता थेट प्रत्येकीच्या खात्यात जातो, पूर्ण २६ दिवसांचा. मागच्या थकबाकीपैकी एका वर्षाची मिळाली, बाकीच्यासाठी तारखा चालू आहेत. ठेकेदार बदलला. दोघींना नव्या ठेकेदाराने घेतलं नाही. त्यांच्यासाठी वेगळी तक्रार केली आहे, आणि रात्री त्यांची नावं घेताना मला अजूनही तेराव्या स्तोत्राचीच भाषा वापरावी लागते. माझी बढती थांबली.

सर पहिल्या बाकावरच बसतात. गळा अजून उत्तम आहे. प्रभुभोजनाच्या पहिल्या रविवारी मी बाकावरून उठले नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असं वचन आहे. आमच्यात समेट झालेला नाही, कारण जे झालं ते झालंच नाही असं त्यांचं म्हणणं आहे. चौथ्या महिन्यात उठले. रांगेत ते माझ्या पुढे होते. त्यांच्या मानेकडे बघत मी एवढंच म्हटलं की प्रभू, याचं काय करायचं ते तू बघ, मला जमत नाही. ते शब्द मी अजून बदललेले नाहीत.

पत्रक आता नव्या विभागातही माझ्याकडेच येतं, वेगळ्या नियमाने. आधी आकडे भरलेले हवेत, मग प्रत्येकीला वाचून दाखवायचं, मग सही. मावशी अजून अंगठाच देतात, पण आकडे शिकल्या आहेत, नातीकडून. माझ्या वाचण्यावर त्यांचा भरवसा नाही आणि तो का असावा? त्या चष्मा लावतात, हजेरीच्या चौकटींवर एकेक करून बोट ठेवतात आणि मोठ्याने मोजतात. मागे बाकीच्या उभ्या असतात, मला दुसरी कामं असतात, पण मी शाईचा पॅड हातात धरून थांबते. तेवीस. चोवीस. पंचवीस. मग त्या मान वर करून माझ्याकडे बघतात, आणि शेवटचा आकडा आम्ही दोघी मिळून म्हणतो.